चुकीच्या समुद्राचं पापलेट

पापलेट राखेनं घासायचं नसतं. हे मला पन्नाशी उलटल्यावर, आणि घासून झाल्यावर कळलं.

मी मागच्या अंगणात पाटावर बसलो होतो. समोर घमेलं, घमेल्यात चार पापलेटं, बाजूला वाटीभर राख आणि जाडं मीठ. आमच्याकडे मासोळी घरात आली की पहिलं काम राखेचं. तलावातली वाघूर, ती मिशा असलेली, इतकी बुळबुळीत असते की राखेशिवाय हातात थांबतच नाही. तिला मीठ-राख चोळून चोळून खरखरीत करायची, मग धुवायची, मगच विळ्यापाशी न्यायची. माझे वडील असंच करत, त्यांचे वडील असंच करत, आणि घराण्याचं एवढंच एक कौशल्य माझ्यापर्यंत पोचलेलं असल्यामुळे मी ते जपून आहे.

पापलेटाच्या अंगावर चंदेरी चकाकी होती. मला वाटलं, ही बर्फाच्या पेटीतून लागलेली असणार. व्यापारी माल ताजा दिसावा म्हणून काय काय फासतात. तेव्हा ती चकाकी निघेपर्यंत घासायचं असं ठरवून मी बाह्या वर केल्या. चकाकी निघाली. तिच्यामागून थोडी सालही निघाली. शेवटी घमेल्यात चार मळकट पांढऱ्या वस्तू उरल्या, जुन्या उशीच्या अभ्र्यासारख्या.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"अजी, काय करून राह्यले?"

"मासोळी घासून राह्यलो."

"मासोळी हाय का भांडं हाय? तिचा रंग कुठी गेला?"

"तो रंग नव्हता. लेप होता."

तिनं वाकून घमेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी मरळ आणून ठेवली हाय," एवढं बोलून ती आत गेली. आमच्या संसारात ती भांडत नाही. ती पर्यायी व्यवस्था करून ठेवते.

हा सगळा उपद्व्याप एका माणसासाठी होता. तो वीज केंद्रात माझ्याच विभागात आहे, ऊर्जानगरात आमच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो, आणि मूळचा कोकणातला आहे. तो कोकणातला आहे हे कोणालाही त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं. नाही कळलं तर दुसरं वाक्य त्याचसाठी असतं. नोकरीच्या सुरुवातीला त्याला इकडे पाठवलं, तेव्हा त्याला अजून मिशी नीट फुटली नव्हती. आता ती पिकली. दरम्यानच्या काळात त्यानं आमच्या प्रदेशाबद्दल एक चांगला शब्द काढलेला कोणाला आठवत नाही. इथलं ऊन वाईट, इथलं पाणी जड, इथला चहा म्हणजे साखरेचा पाक, इथले लोक 'मले-तुले' करतात. आणि मासा. माशाचा विषय निघाला की तो खुर्ची पुढे ओढायचा.

"तुमच्या माशाला चिखलाचा वास येतो," तो म्हणायचा. "मासा खाल्ला की समुद्र तोंडात आला पाहिजे. तुमचा मासा खाल्ला की तलावाचा गाळ येतो."

मी म्हणायचो, "मग काऊन खातो?"

"पोट भरायला."

पोट भरायला तो दोनदा भात घ्यायचा. रश्श्याची वाटी पुन्हा पुढे करायचा आणि ती भरून येईपर्यंत आमच्या रश्श्यात कोकम का नाही यावर बोलायचा.

एकदा मी त्याला एटापल्लीकडे नेलं होतं. तिथल्या जंगलातल्या एका गावात माझ्या ओळखीचं घर आहे. घरच्या बाईनं ओढ्यातली बारीक मासोळी मिरची-मिठासोबत पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजली आणि पुडे आमच्यासमोर ठेवले. माझा मित्र एक शब्द न बोलता खात राहिला. पानाला चिकटलेलंही त्यानं बोटानं पुसून खाल्लं. मला वाटलं, चला, एक तरी गड पडला. परतताना आलापल्लीच्या पुढे आल्यावर तो म्हणाला, "चिंच घातली असती तर जरा बरं झालं असतं. कोकम तर तुमच्याकडे मिळणारच नाही." मी गाडी थांबवून त्याला तिथंच उतरवणार होतो. पण डिझेलचे अर्धे पैसे त्याच्याकडून यायचे होते.

बदल्यांचा हंगाम आला की दरवर्षी तो समुद्रकाठच्या केंद्रात बदली मिळावी म्हणून विनंती अर्ज द्यायचा. दरवर्षी ती विनंती नामंजूर व्हायची. नकार आला की तो कँटीनमध्ये येऊन लग्नपत्रिका वाटावी तसा सगळ्यांना सांगायचा. मग उरलेलं वर्षभर त्याला आमच्यावर तोंडसुख घ्यायचा हक्क मिळायचा. बिचारा इच्छेविरुद्ध इथं राहतोय ना. हे सगळं अत्यंत सुरळीत चाललं होतं.

या वर्षी विनंती मंजूर झाली.

मला तर वाटतं कोणाची तरी चूक झाली असावी. त्यालाही तसंच वाटलं असणार. आयुष्यभर एका दाराला धक्के देणाऱ्या माणसाचं दार अचानक आतून कोणी उघडावं आणि तो तोंडावर पडावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. जायचं असेल तर सोमवारी तसं सांगायचं होतं. नसेल तर सोमवारीच विनंती मागे घ्यायची होती. आठवडाभर त्यानं कोकणाचं नाव काढलं नाही. कँटीनमध्ये चहा घेतला आणि चहाला नावं न ठेवता प्याला. मी घाबरलो.

मला तो जायला नको होता. हे लिहायला सोपं आहे. त्याला सांगणं शक्य नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये इतकी वर्षं तो खिडकीशी आणि मी त्याच्या शेजारी बसतो. आता त्या खिडकीशी कोण बसणार, असला प्रश्न पोटं सुटलेल्या माणसांनी एकमेकांना विचारायचा नसतो. तेव्हा मी ठरवलं, याला जेवायला बोलवायचं आणि असा समुद्राचा मासा खाऊ घालायचा की त्याची खात्री पटली पाहिजे: समुद्र हवा तर इथंही मिळतो, त्यासाठी बिऱ्हाड हलवायची गरज नाही. ही माझी योजना. मी ती बायकोला सांगितली.

"भाऊजीले मरळ करून घाला," ती म्हणाली. "त्यांले आवडते."

"त्याले नाई आवडत. तो समुद्राचा माणूस हाय."

"समुद्राचा माणूस मरळीच्या रश्श्यासंग दोनदा भात घेतो?"

"ते पोट भरायले."

ती हसली, आणि मूल गावी आपल्या भावाला फोन करून तलावातली मरळ मागवून मोकळी झाली. आमच्या सासुरवाडीच्या गावाला तलाव आहे, आणि त्या तलावातल्या मरळीबद्दल सासुरवाडीचे लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात मी लोकांना फक्त देवाबद्दल बोलताना ऐकलंय.

आता इथं माझीही थोडी शोभा सांगितली पाहिजे. या मित्राच्या संगतीत राहून मीसुद्धा समुद्राच्या बाजूनं बोलायला लागलो होतो. सासुरवाडीला पंगतीत बसून, समोर मरळीचा रस्सा असताना, मी एकदा म्हणून गेलो होतो, "समुद्राच्या माशाची गोष्टच वेगळी." तोवर मी समुद्राचा मासा जेमतेम एकदा खाल्ला होता, तोही मित्राकडे, आणि त्याला खोबऱ्याची चव आली होती एवढंच मला आठवत होतं.

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही समुद्र कुठी पाह्यला?"

"जगन्नाथपुरीले."

"कसा होता?"

खरं तर मी तो नीट पाहिला नव्हता. घरची सगळी मंडळी पाण्यात गेली होती आणि मी समुद्राकडे पाठ करून त्यांच्या चपला सांभाळत होतो, कारण एक कुत्रं चपलांकडे पाहत होतं. "मोठा होता," मी म्हणालो. पंगत फार वेळ हसली नाही, पण हसली.

आणि मी एकटाच असा नव्हतो. आमच्या वसाहतीत समुद्राच्या माशाचं वेड पसरलं ते याच माणसामुळे. लोक बर्फातला मासा आणायला लागले. तो मासा बर्फात इतके दिवस राहिलेला असे की त्याला सेवाज्येष्ठता मिळायला हवी होती. त्याचे डोळे आत गेलेले, रंग उडालेला, आणि वास असा की शेजारी दार लावून घेत. पण खाणारे डोळे मिटून म्हणत, "हाच तो समुद्राचा वास." ज्यांच्या दाराशी तलाव आणि नद्या, ज्यांच्या आठवडी बाजारात मासोळी टोपलीत उड्या मारते, ती माणसं शिळ्या माशासमोर भक्तिभावानं बसत. मीही बसत होतो. वासाला समुद्र म्हणत होतो.

तर पापलेट. ते मिळवून दिलं आमच्या अण्णानं. अण्णा सिरोंच्याकडचा, घरात तेलुगू बोलणारा, आमच्याबरोबर मराठी-हिंदी मिसळून बोलणारा, आणि आमच्या टोळीतला तिसरा. त्याचा कोणी नातलग आंध्राच्या किनाऱ्याकडून रेल्वेनं माल पाठवणाऱ्यांपैकी आहे. रविवारी सकाळी अण्णा बल्लारशाला जाऊन थर्माकोलची पेटी घेऊन आला.

"एकदम ताजा है, भाऊ. कल तक पानी में था."

"बर्फाच्या?"

"समुंदर के. विश्वास ठेवा ना."

विश्वास ठेवला. मासा खरंच ताजा होता, डोळे स्वच्छ, कल्ले लाल. म्हणजे जे काही पुढे झालं त्यात समुद्राचा, रेल्वेचा किंवा अण्णाचा काही दोष नाही.

आमच्या घरी मासोळी स्वयंपाकघरात शिजत नाही. माझ्या आईच्या वेळेपासून मागच्या अंगणात विटांच्या दोन चुली आहेत, मासोळीचं गंज, म्हणजे पातेलं, वेगळं, पळी वेगळी, तवा वेगळा. बायकोनं एका चुलीवर मरळीचा रस्सा चढवला. भाजलेला कांदा, लसूण, चिंचेचा कोळ, वरून मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. दुसऱ्या चुलीवर मी. मोबाईलवर एक बाई पापलेट तळायचं शिकवत होती. तिचं पापलेट आरशासारखं चमकत होतं. माझ्याकडे पाहून तिला वाईट वाटलं असतं. तिखट, हळद, मित्राच्या घरून दरवर्षी येणाऱ्या कोकमांचा आगळ, वरून रवा. राखेबरोबर मीठ घातलेलं मी विसरलो आणि मीठ पुन्हा घातलं. साल नसल्यामुळे मासा तव्याला असा धरून बसला की उलथन्यानं तुकड्यातुकड्यात काढावा लागला. रवा एकीकडे, मासा एकीकडे. बायको रस्सा ढवळत होती. बघत होती, पण बोलली नाही. तिचं न बोलणं मला जास्त लागतं, हे तिला माहीत आहे.

दुपारी ते आले. मित्र, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि अण्णा तर सकाळपासून होताच. वहिनी कमी बोलणाऱ्या आहेत. आल्या की सरळ मागच्या अंगणात माझ्या बायकोपाशी जाऊन बसतात. तिथं दोघी काहीतरी निवडत, सोलत बसतात आणि त्यांचं बोलणं चालू असतं. काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही. भाजीपाल्याचं असणार असं धरून चाललो होतो.

ताटं वाढली. मी माझ्या पापलेटाची परात मित्रासमोर ठेवली.

त्यानं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"पापलेट."

"कशावरून?"

"अण्णाले विचार. त्यानं आणलं."

"लाया तब पापलेटच था," अण्णा म्हणाला.

मित्रानं एक तुकडा बोटात धरून उजेडाकडे नेला. "कुठल्या समुद्रातलं?"

"आंध्राकडच्या."

"तरीच." त्यानं तुकडा ताटात ठेवला. "तो समुद्र चुकीचा."

"समुद्र चुकीचा कसा राहीन?"

"त्या समुद्रात सूर्य उगवतो. आमच्याकडे मावळतो."

"मासोळीले त्याचं काय?"

"माशाला चव संध्याकाळी येते. तुला नाही कळायचं."

मला बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा तो माणसात आला होता. त्यानं पापलेट बाजूला सारलं, मरळीच्या रश्श्याची वाटी भातावर ओतली आणि चिखलाच्या वासाविषयी बोलत बोलत पहिला भात संपवला. दुसरा घेतला. माझी बायको वाढताना माझ्याकडे बघत होती, पण मी बघितलं नाही.

दुसरा भात अर्ध्यावर आल्यावर मी विचारलं. "मग, उद्या काय सांगतो?"

तो घास हातात घेऊन थांबला. "विचार करतोय," तो म्हणाला. "मागे घ्यावी म्हणतो विनंती."

"काऊन?" मी अगदी कोरडेपणानं विचारलं. 

"तिकडे पावसाळ्यात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत," तो म्हणाला. "सगळ्याला बुरशी. इथं कसं, दोरीवर टाकलं की वाळलं. ऊन आहे, पण कोरडं आहे. आणि तिथला भात जाड असतो. हा तुमचा मूलकडचा तांदूळ, हा काही अगदीच वाईट नाही."

इतक्या वर्षांत आमच्या तांदळाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. अण्णानं जेवण थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मी मनात स्वतःला शाबासकी देत होतो. पापलेट फसलं तरी डाव जिंकला होता. मनात म्हटलं, बघा, एवढी वर्षं नावं ठेवून शेवटी इथलाच निघाला; कपडे वाळतात म्हणून राहतोय म्हणे. त्याच्या तोंडावर चिडवायला एक जन्मभराची गोष्ट मिळाली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष वहिनींच्या ताटाकडे गेलं.

वहिनी पापलेट खात होत्या.

पापलेट आम्ही बाकी कोणीच खात नव्हतो. अण्णानं एक घास घेऊन ताटाच्या कडेला ठेवून दिला होता. परात कधी वहिनींकडे सरकली मला कळलं नाही. त्या माझा तो रवा एका बाजूला काढत होत्या, काट्याला धरून मांस अलगद सोडवत होत्या आणि खात होत्या. घाई नव्हती. डोकं वेगळं ठेवलं होतं, ते शेवटी घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चोखलं. आमच्या घरी इतक्या वर्षांत त्यांनी मासोळीचा एखादाच तुकडा घेतला असेल, तोही वाढणाऱ्याचं मन राखायला. त्यांच्या ताटात काट्यांची स्वच्छ रांग लागली होती. भात तसाच होता.

"वहिनी, राहू द्या," मी म्हणालो. "ते बिघडलं आहे."

"राख लावली होती का, भावोजी?"

"हो."

"वाटलंच. मीठही दोनदा पडलंय."

"मग टाका ना."

"नको." त्यांनी पुढचा तुकडा घेतला.

मित्र हसला. "चुकीच्या समुद्राचं आहे ते," तो म्हणाला. "आम्ही समुद्राकाठची माणसं, आम्हाला विचार."

वहिनींनी हात ताटावर थांबवला. "यांच्या गावातून समुद्र दिसत नाही, भावोजी," त्या मला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घाटाच्या पायथ्याला गाव आहे. मासे घेऊन बाई यायची एसटीनं, एक दिवसाआड. माझ्या माहेरी दार उघडलं की वाळू. भिंतीला मिठाचे पोपडे येतात. रात्री झोपेत पण आवाज असतो लाटेचा. इथं आले तेव्हा पहिले काही महिने मला झोपच लागायची नाही, एवढं शांत वाटायचं."

अण्णानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"हे तुम्ही वाईट केलंय," त्या परातीकडे बघत म्हणाल्या. "पण काट्याजवळ जरासं राहिलंय अजून. समुद्र कुठला का असेना." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "विनंती मागे घ्यायची नाही."

"अगं, पण मी म्हणतो..."

"तुम्हाला राहायचं तर राहा. क्वार्टर आहे, कपडे वाळतात. मी पावसाच्या आधी जाणार."

मित्र तिच्याकडे बघत राहिला. हा माणूस चूप बसलेला मी क्वचितच पाहिलाय, आणि तो चूप बसला की किती म्हातारा दिसतो हेही त्या दिवशीच पाहिलं. "तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही रोज बोलत होता," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, आपल्या दोघांचं बोलून होतंय."

  आम्ही दोघं बाप्ये कँटीनमध्ये बसून तलाव मोठा की समुद्र मोठा यावर वर्षानुवर्षं भांडलो. तो ज्याला नावं ठेवायचा ते त्याला आवडायचं, मी ज्याची तारीफ करायचो ते मी पाहिलंही नव्हतं. आणि जिला खरोखर काही हवं होतं ती मागच्या अंगणात लसूण सोलत होती. तिला इथं ठेवण्यासाठी म्हणून नव्हे, पण तिच्या नवऱ्याला ठेवण्यासाठी मी समुद्राचा मासा आणला. आणि त्या माशानं नेमकं उलटं काम केलं. एरवी माझ्या हातून इतकं परिणामकारक काही घडत नाही.

"रस्सा और है क्या?" अण्णानं विचारलं. माझी बायको उठली आणि त्याला वाढायला गेली. तेवढ्यानं सगळ्यांना पुन्हा जेवता आलं.

सोमवारी बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. मी शेजारी बसलो. तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "जातो म्हणून सांगणार आहे."

"सांग."

"तिथं तुझ्यासारखी माणसं भेटणार नाहीत असं नाही."

"भेटतीन ना. बुरशी आलेली."

तो हसला नाही. उतरताना म्हणाला, "मरळ पाठवता येते का रे बर्फात?" मी म्हणालो, "चुकीच्या तलावाची लागन तुले." हे मला त्या वेळी फार चपखल वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटेनासं झालं.

घरी आलो. बायको मागच्या अंगणात सुपात वाळलेले झिंगे निवडत होती, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, वांग्यात घालतो ती. समोरचा दुसरा पाट रिकामा होता. मी त्यावर बसलो. तिनं सुपातलं काही माझ्यापुढे केलं नाही.

"चालला तो," मी म्हणालो.

"माहीत हाय."

"तुले कोणी सांगितलं?"

"ताईनं, तुमच्या वहिनीनं. संक्रांतीच्याच वेळी सांगितलं होतं, का यंदा मंजूर झालं तर मी काही थांबत नाई."

"आन तू मले बोलली नाई?"

"तुम्ही इचारलं होतं काय?"

 मग राहवेना म्हणून म्हणालो, "मी तं त्याले थांबवाले मासोळी आणली होती. ती खाऊन वहिनीच उठून चालल्या. माझ्या हातच्या मासोळीनं हे झालं."

"तुमच्या हातच्या मासोळीनं काहीच होत नाई," ती म्हणाली. "ताईचं मन कवापासून झालं होतं. मीच म्हटलं तिले, जाय. इथी राहून काऊन झुरतं." ती झिंग्यातला खडा काढून बाजूला टाकत होती. आणखी एक सापडला, तोही टाकला. सूप झटकलं. मला वाटलं, बोलणं संपलं. मी उठायला लागलो.

"तुमचं काय, तुम्हाले चिडवाले दुसरा कोणी भेटन," ती सुपाकडेच बघत म्हणाली. "मी तुमचे गाऱ्हाणे आता कोणापाशी सांगू?"